कोंबडीचा पंख दुखावला तर

घरची कोंबडी म्हणजे बाईमाणसाच्या हातचा पैसा. चार अंडी बाजारात गेली की मीठ-मिरची येते. पोरांची वही-पेन्सिल येते. अशी कोंबडी एक दिवस पंख लोंबवीत अंगणात येते. मग कोणी तरी म्हणते, "आता हिचे काय उरले? सुरी फिरवा." पण थांबा! पंख मोडला म्हणजे कोंबडी गेली असे नाही. तिला उडून कोठे जायचे आहे? पंख थोडा वाकडा राहिला तरी ती चरते, अंडी देते, पिल्लेही काढते. मात्र काळजी वेळेवर आणि नीट घेतली पाहिजे.

माझी चूक

आधी माझीच चूक सांगतो. मी तेव्हा शाळेत शिकवीत होतो. शेजारच्या काकूंच्या कोंबडीवर कुत्र्याने झडप घातली. तिचा पंख मोडला. काकू म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. बघा काही होतंय का." मी सुतळी घेतली आणि पंख अंगाशी करकचून आवळला. मला वाटले, घट्ट बांधले म्हणजे हाड लवकर जुळेल. सकाळी बघतो तर कोंबडी मरून पडलेली. काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. पण तिची नऊ पिल्ले डालग्याभोवती चिवचिवत फिरत होती. ते मी अजून विसरलो नाही.

पुढे गुरांच्या डॉक्टरांनी मला कारण समजावले. माणसाच्या छाती-पोटाच्या मध्ये स्नायूचा एक पडदा असतो. तो खालीवर होतो आणि श्वास चालतो. कोंबडीला तसा पडदा नसतो. तिचे छातीचे हाड हलते, तेव्हाच वारा आत जातो. छाती आवळली की तिचा श्वास कोंडतो. म्हणजे मी औषध म्हणून जे केले, त्यानेच तिचा जीव गेला.

आधी काय करावे?

कोंबडीमागे धावू नका. धावली की पंख आणखी मोडतो. तिला कोपऱ्यात घ्या आणि वरून फडके टाकून अलगद धरा. अंधार झाला की ती आपोआप शांत होते. मग तिला डालग्याखाली वेगळी ठेवा. हे फार जरुरीचे आहे. कारण रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या तेथेच टोचतात, आणि जखम वाढवतात.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर थोडा वेळ दाबून धरा. सारखे उचलून पाहू नका. रक्त थांबले की पाणी उकळून गार करा, त्यात थोडे मीठ घाला आणि जखम पुसा. रॉकेल, चुना, तंबाखू असले काही लावू नका. जखमेवर माशी बसू देऊ नका, नाही तर आळ्या पडतात.

हाड बाहेर आले असेल तर त्यावर पाणी मुळीच ओतू नका. कोंबडीचे खांद्याजवळचे हाड आतून पोकळ असते. ते तिच्या श्वासाच्या पिशव्यांना जोडलेले असते. पाणी थेट श्वासाच्या वाटेत जाते. अशा वेळी वर स्वच्छ फडके ठेवा आणि दवाखाना गाठा. कुत्र्या-मांजराचे दात लागले असतील तरीही दवाखान्यात न्या. त्यांच्या तोंडातली घाण आत जाऊन जखम चिघळते.

मोड की मुका मार?

दोन्ही पंख शेजारी ठेवून पाहा. एक जास्त लोंबतो का? सुजला आहे का? हात लावल्यावर हाड करकरते का? मग मोड समजा. नुसता मुका मार असेल तर बांधायची गरज नाही. काही दिवस आराम पुरतो. दोन-तीन दिवसांनी कातडी हिरवी दिसली तर घाबरू नका. कोंबडीचा मुका मार हिरवाच दिसतो. पण घाण वास आला तर मात्र जखम सडते आहे.

आणखी एक ओळख ठेवा. दोन्ही पंख लोंबतात, कोंबडी पिसे फुगवून पेंगते, हिरवी हगवण लागते, तर ती मार लागल्याची खूण नव्हे. तो रोग आहे. मानमोडीही असू शकते. तिला वेगळी करून लगेच दवाखान्यात कळवा.

पट्टी कशी बांधावी?

चांगल्या पंखाची घडी बघा. दुखऱ्या पंखाची तशीच घडी करा. जुन्या मऊ सुती लुगड्याची दोन बोटे रुंद पट्टी घ्या. ती दुखऱ्या पंखावरून अंगाभोवती न्या, आणि चांगल्या पंखाच्या खालून काढा. पाय व शेपटीखालची जागा मोकळी राहू द्या. पट्टीखाली तुमचे बोट सहज गेले पाहिजे. मग थोडा वेळ तिच्यासमोर बसा. चोच उघडून धापा टाकू लागली तर पट्टी लगेच सैल करा.

हाड जुळायला साधारण ३ आठवडे लागतात. दर आठवड्याला पट्टी सोडून पाहा. ३ आठवड्यांपुढे बांधून ठेवू नका, सांधा आखडतो. दाणा-पाणी तोंडापाशी ठेवा. अंड्याची टरफले भाजून, कुटून द्या. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिले तर अंडी किती दिवस खाऊ नयेत, तेही विचारून घ्या.

दुखापत टाळा

कोंबडी पंख धरून कधी उचलू नका. दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून उचला. दिवस मावळला की खुराडे बंद करा. कुत्रा रात्रीही डाव साधतो. मुंगूस मात्र दिवसा फिरते.

पुढच्या पावसाळ्यात काकूंची दुसरी कोंबडी फाटकात अडकली. या वेळी मी सुतळीला हात लावला नाही. लुगड्याची पट्टी घेतली, आणि बोट घालून पाहिले. त्या कोंबडीचा पंख थोडा खालीच राहिला. पण ती खुडूक बसली, आणि पिल्लेही काढली. काकू हसून म्हणाल्या, "गुरुजी, आता तुम्ही खरे शिकलात."