कुटुंबोपचार : स्वरूप, उपयोग आणि योग्य तज्ज्ञाची निवड

रुग्णालयाच्या नोंदवहीत काही नावे पुनःपुन्हा येतात. दारूमुळे बिघडलेल्या यकृतावर उपचार घेऊन घरी गेलेले गृहस्थ काही महिन्यांनी परत दाखल होतात. पोटदुखीने बेजार झालेल्या शाळकरी मुलीच्या सर्व तपासण्या निर्दोष येतात, तरीही दुखणे थांबत नाही. नैराश्यावरील औषधे नियमित घेणाऱ्या सुनेची झोप माहेरी सुधारते आणि सासरी पुन्हा बिघडते. आमच्या जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर खर्च होत राहतो, परंतु शिल्लक उरत नाही. अशा वेळी डॉक्टर ‘फॅमिली थेरपी’चा, म्हणजेच कुटुंबोपचाराचा सल्ला देतात. त्यावर नातेवाईकांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : “आजारी हा आहे, मग आम्ही सगळ्यांनी कशाला यायचे?” प्रस्तुत लेखाचा हेतू या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आहे.

मूळ विचार

घरातील एकाचे वागणे दुसऱ्याच्या वागण्याला कारण होते आणि फिरून पहिल्यापाशी येते. मावळातील परिचित परिस्थिती पाहू. द्रुतगती मार्ग, औद्योगिक वसाहती आणि बंगल्यांचे प्रकल्प यांसाठी अनेक घरांच्या जमिनी गेल्या. पैसा आला आणि त्यामागून वाटणीचे वादही आले. समजा, धाकटा भांडतो म्हणून थोरला भाऊ व्यवहार लपवतो आणि थोरला लपवतो म्हणून धाकटा भांडतो. दोघांचा अबोला असल्याने आई इकडचे निरोप तिकडे पोहोचवते. धाकटा पिऊ लागतो, तेव्हा घर त्यालाच ‘रुग्ण’ ठरवते. त्याच्यावर एकट्यावर उपचार केल्यास तो बरा होऊन पुन्हा त्याच चक्रात परततो. कुटुंबोपचारात ‘दोष कोणाचा’ हे शोधण्याऐवजी हे चक्र कोठे थांबवता येईल, ते पाहिले जाते.

थोडा इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत मरे बोवेन, व्हर्जिनिया सॅटिर, साल्व्हादोर मिनुचिन आदींनी ही पद्धती विकसित केली. आपल्या देशात साधारण त्याच सुमारास, १९५० च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाईकांना आवारात तंबू देऊन रुग्णांसोबत राहू दिले आणि उपचारांत सहभागी करून घेतले. लंडनमधील अभ्यासांत असे आढळले की, स्किझोफ्रेनियाचा रुग्ण ज्या घरी परततो तेथे सतत टीका वा अतिकाळजी असेल, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. पुढे चंडीगडच्या कुटुंबांत असे वातावरण लंडनपेक्षा कमी आढळले. आपल्या कुटुंबांपाशी असलेले हे बळ मोलाचे आहे.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी व्यक्तीइतकेच तिच्या कुटुंबाकडेही लक्ष दिले. पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालवला गेला.

बैठकीत काय घडते?

बैठक साधारण एक ते दीड तासाची असते आणि आठवड्याने वा पंधरवड्याने होते. काही घरांना सहा-आठ बैठका पुरतात, काहींना अधिक लागतात. प्रारंभी प्रत्येकाला, लहान मुलालादेखील, स्वतःचे म्हणणे मांडण्याची संधी मिळते. तज्ज्ञ तीन पिढ्यांचा आराखडा काढतात व त्यात आजार, मृत्यू, व्यसन, अबोला यांची नोंद करतात. त्यानंतर छोटी कामे ठरतात. आईने निरोप पोहोचवणे थांबवावे. भावांनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, कागदपत्रे समोर ठेवून बोलावे. जेवताना जमिनीचा विषय काढू नये. पुढील बैठकीत या कामांचा आढावा घेतला जातो. चालू औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करावयाची नसतात.

तज्ज्ञ हे पंच नव्हेत. वाटणीचा निवाडा ते करीत नाहीत. तो न्यायालयाचा विषय आहे. तसेच घरात मारहाण वा धमक्या असतील, तर एकत्र बैठक धोक्याची ठरू शकते. तेथे जे बोलले गेले, त्याची शिक्षा घरी गेल्यावर भोगावी लागते. अशा वेळी पीडित व्यक्तीची सुरक्षितता प्रथम पाहावी. महिलांसाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण उपलब्ध आहे.

योग्य तज्ज्ञ कसा शोधावा?

प्रथम आपल्या डॉक्टरांना अथवा रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना विचारावे. तळेगाव दाभाडे येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय येथील मानसोपचार विभागांत चौकशी करता येते. ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

पाटीवरील ‘समुपदेशक’ या शब्दावरून शिक्षणाची खात्री होत नाही. मनोविकारतज्ज्ञांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. त्याखेरीज पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. कुटुंबासोबत काम करण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतले आहे काय?
२. बैठकीचे शुल्क किती व अंदाजे किती बैठका लागतील?
३. एका सदस्याने खासगीत सांगितलेली गोष्ट इतरांना सांगितली जाईल काय?
४. घरातील एखादी व्यक्ती येण्यास तयार नसेल तर काय करता येईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. जे तयार असतील त्यांच्यापासून प्रारंभ करता येतो. चक्रातील एक दुवा बदलला, तरी इतरांना आपली पावले बदलावी लागतात. मात्र पहिल्याच बैठकीत कोणा एकाला दोषी ठरवणारे किंवा खात्रीची हमी देणारे तज्ज्ञ टाळलेले बरे.

देणगीदारांस व विश्वस्तांस विनंती

यंत्रसामग्रीस देणगी दिली की तिचे फळ डोळ्यांना दिसते. कुटुंबोपचारास यंत्र लागत नाही. दार लावता येईल अशी शांत खोली, सहा-सात खुर्च्या आणि प्रशिक्षित व्यक्तीचा पूर्ण तास एवढेच त्याचे साहित्य. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत हा तासच सर्वांत दुर्मिळ असतो. रोजंदारी बुडवून एकत्र आलेल्या कुटुंबाला तो शुल्काअभावी नाकारला जाऊ नये, यासाठी आपल्या साहाय्याची गरज आहे. अशा साहाय्याची पाटी भिंतीवर लावता येणार नाही. मात्र नोंदवहीत पुनःपुन्हा येणारे एखादे नाव पुढील वर्षी आले नाही, तर ते आपल्या देणगीचे फळ समजावे.