धुण्याच्या पाण्यातली साधना

संत म्हटलं की चमत्कार नाहीतर हौतात्म्य आठवतं. लिझ्यूच्या संत तेरेजाकडे यातलं काहीच नव्हतं. १८८८ मध्ये, पंधराव्या वर्षी ती फ्रान्समधल्या कार्मेल मठात गेली आणि १८९७ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिची साधना रोजच्या कामातच होती. रुमाल धुताना समोरच्या सिस्टरच्या हातून मळकं पाणी सारखं तिच्या तोंडावर उडे. मागे सरून चेहरा पुसावा, म्हणजे त्या सिस्टरला कळेल, असं तेरेजाच्याही मनात आलं. ती जागची हलली नाही. रागाची पहिली ठिणगी तिथेच विझवणं, हीच तिची प्रार्थना.

हा तर निमूट सोसण्याचा धडा, आणि तो बायकांच्याच माथी मारला जातो, असं कुणी म्हणेल. भीती रास्त आहे. पण सक्तीने सोसणं आणि आपणहून प्रेम करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेरेजा दबलेली नव्हती. आपल्याला धर्मगुरू व्हावंसं वाटतं, हे तिने स्पष्ट लिहून ठेवलं. अखेरच्या दीड वर्षात तर स्वर्ग आहे की नाही, या शंकेचा काळोख तिला घेरून होता. त्या काळोखातही तिची माया आटली नाही, म्हणून मला तिचं संतपण खरं वाटतं. मठात गेल्यावर त्याचा उंबरठा पुन्हा न ओलांडलेल्या या मुलीला १९२७ मध्ये चर्चने जगभरच्या मिशनकार्याची आश्रयदाती संत मानलं.