मुखपृष्ठावरील मुद्रा

गवयाची ओळख त्याच्या गळ्यावरून व्हावी, हें सर्वमान्य आहे. परंतु ज्याची मैफल ऐकण्याचा योग बहुतेक रसिकांना येतच नाहीं, त्या गायकाची मूर्ति त्यांच्या मनांत उभी राहते ती संगीतविषयक नियतकालिकांतील छायाचित्रांवरून. छायाचित्र कोठें छापलें, केवढें छापलें, त्याभोंवतीं किती मजकूर ठेवला, यावरून एकच व्यक्ति निरनिराळी भासते. याचें उदाहरण म्हणून ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाच्या तीन मुखपृष्ठांकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असें आम्हांस वाटतें. तिन्हींवर इंग्रज गायक जॉन लेनन हाच आहे.

पहिलें मुखपृष्ठ ९ नोव्हेंबर १९६७ च्या पहिल्याच अंकाचें. तोंपर्यंत लेनन म्हणजे ‘बीटल्स’ या चौकडींतील एक, सारख्या पोशाखाचा नि सारख्या केशरचनेचा, अशीच जगाची समजूत होती. येथें मात्र तो शिपायाचें शिरस्त्राण व वाटोळा चष्मा घालून दिसतो. हें चित्र ‘हाऊ आय वन द वॉर’ या बोलपटांतील आहे. इतर तिघे सोबतीला नाहींत.

१९७० सालीं ती चौकडी मोडली. २१ जानेवारी १९७१ च्या अंकांत लेननच्या प्रदीर्घ मुलाखतीचा पूर्वार्ध आला. त्याच्या मुखपृष्ठावर तरुण छायाचित्रकर्त्री ॲनी लीबोविट्झ हिनें जवळून टिपलेला त्याचा चेहरा आहे. वेषभूषेचा आधार गेला. उरली ती वाचकाकडे थेट पाहणारी नजर.

तिसरें छायाचित्रही तिचेंच, ८ डिसेंबर १९८० रोजीं घेतलेलें. एकट्या लेननचें चित्र हवें होतें. पण पत्नी योको ओनो हिच्यासह तें काढावें, असा त्याचा आग्रह पडला. वस्त्रें ल्यालेल्या पत्नीस तो विवस्त्र स्थितींत, मूल आईस बिलगावें तसा, बिलगलेला आहे. घरोघर जाणाऱ्या पत्रानें असें चित्र छापावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद संभवतो. पण आम्हांस त्यांत शृंगाराचा लवलेश दिसत नाहीं. त्याच रात्रीं न्यूयॉर्क येथील राहत्या घराच्या दाराशीं गोळ्या घालून त्याचा खून करण्यांत आला.

२२ जानेवारी १९८१ च्या अंकावर तें चित्र आलें, तेव्हां संपादकांनीं पत्राच्या नांवाखेरीज एकही मथळा घातला नाहीं. आपल्या दिवाणखान्यांतील वडील माणसाच्या तसबिरीस हार पडला, म्हणजे तीच मुद्रा आपणांस निराळी दिसूं लागते. तसेंच येथें झालें. आधीं जें प्रेमाचें चित्र होतें, तें अखेरच्या निरोपाचें ठरलें. २००५ मध्यें अमेरिकन मासिकसंपादकांच्या संस्थेनें गेल्या चाळीस वर्षांतील सर्वोत्कृष्ट मुखपृष्ठ म्हणून त्याचीच निवड केली.

कलावंताविषयीं मत बनविण्यापूर्वीं चित्र केव्हां घेतलें, कोणत्या प्रसंगीं छापलें व त्यासोबत काय सांगितलें किंवा गाळलें, एवढें पाहण्याची संवय सुजाण वाचकांनीं स्वतःस व मुलांस लावावी, अशी आमची सूचना आहे.