भाईजानची गाडी आणि तिचा विमा

नांदेडहून नागपूरकडे जाणारा महामार्ग अर्धापूरवरून जातो. या रस्त्यावर केळीने भरलेले ट्रक, एसटी, जीप, ऑटो, मोटारसायकली यांची सतत ये-जा असते. मधूनच एखादी बैलगाडी आडवी येते. अशा रस्त्यावर नवशिक्याच्या हातून चूक झाली आणि कोणी जखमी झाले, तर भरपाई कोण देणार? त्यासाठी गाडीचा विमा असतो.

विमा हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूतला बीमा तोच मराठीतला विमा. नुकसान, दावा, रक्कम, मालक हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. 'हप्ता' म्हणताना मात्र जपा. उर्दूत हफ्ता म्हणजे आठवडा. मराठीत विम्याचा हप्ता म्हणजे विम्यासाठी कंपनीकडे भरायचे पैसे.

समजा, तुमच्या भाईजानने नुकताच वाहन चालवण्याचा परवाना काढला आणि ८०० सीसीची एक जुनी मोटार विकत घेतली. अब्बांना काळजी वाटते, की नवा चालक म्हणून कंपनी जास्त पैसे मागेल. इंग्लंड-अमेरिकेत तसे होते. तेथे अठरा-वीस वर्षांच्या चालकाला विमा फार महाग पडतो. आपल्याकडे हप्ता मुख्यतः गाडी पाहून ठरतो, चालकाचे वय पाहून नव्हे.

विम्याचे दोन भाग असतात. गाडीचा मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा आणि रस्त्यावरचा माणूस तिसरा. या तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. याचे दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २०९४ रुपये होते, कर वेगळा. म्हणून या भागासाठी दहा कंपन्यांची दारे हिंडण्यात अर्थ नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा किंवा चोरीचा. तो सक्तीचा नाही आणि त्याचा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. चौकशी करायची ती येथे. गाडी जितकी जुनी, तितकी तिची किंमत कमी धरतात आणि हप्ताही उतरतो. गाडी फारच जुनी असेल, तर पुष्कळ लोक हा भाग घेतच नाहीत. हा भाग घेऊन वर्षभर कंपनीकडे दावा केला नाही, तर पुढच्या वर्षी त्याच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. ओळीने पाच वर्षे दावा नसेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे गाडीला लहानसा पोचा आला, तर तो स्वतःच्या खर्चाने काढणे पुष्कळदा स्वस्त पडते. मात्र मुदत संपून ९० दिवस होऊन गेले, तर मिळवलेली सूट हातची जाते.

भाईजानची गाडी जुनी आहे, म्हणून आणखी एक काम आहे. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून देण्याचा अर्ज कंपनीकडे करावा लागतो. आधीच्या मालकाने मिळवलेली सूट भाईजानला मिळणार नाही. ती गाडीबरोबर येत नाही, माणसाबरोबर जाते.

आणि परवाना नसलेल्या धाकट्या भावाने हौसेने चावी घेतली तर? त्याच्या हातून अपघात झाला, तर न्यायाधिकरण जखमीला कंपनीकडून पैसे देववू शकते, पण कंपनी ते पुढे गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे भाईजानकडूनच.

शेवटी कागद. बाजारात बनावट पॉलिसी विकणारेही असतात. म्हणून पॉलिसी हातात आली, की तिच्यावरचा इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा, आणि भरलेल्या पैशांची कंपनीच्या नावाची पावती त्याच दिवशी मागून घ्यावी.