दुधाचे दात पडणारच आहेत, मग काळजी कशाला?

“दुधाचेच दात आहेत, पडणारच ना!” हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. दीड-दोन वर्षांच्या बाळाचे पुढचे दात काळे पडले, झिजून तुकडे झाले तरी आपण ते मनावर घेत नाही. पण किडलेला दुधाचा दातही मोठ्यांच्या दातासारखाच ठणकतो. बाळाला ते सांगता येत नाही. ते जेवत नाही आणि रात्री रडते.

साधारण सहाव्या महिन्यापासून दात येऊ लागतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत 20 दात पूर्ण होतात. त्यातले पुढचे दात सहा-सात वर्षांच्या वयात पडू लागतात हे खरे, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या आधीच काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि कायमचा दात वाकडा येऊ शकतो.

कीड कशी लागते?

तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे वरचे कवच विरघळवते. झोपेत लाळ कमी होते. त्यामुळे दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाच्या दातांवर दूध रात्रभर साचून राहते. दुधात साखर घातली किंवा चोखणीला मध लावला तर कीड आणखी लवकर लागते. मध तर एक वर्षाच्या आत बाळाला देऊच नये.

आपण काय करावे?

- दात येण्याआधी दूध पाजल्यावर स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या पुसाव्यात.
- पहिला दात दिसताच मऊ ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. जिथे बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी डॉक्टरांना विचारावे.
- रात्री ब्रश केल्यावर फक्त पाणी द्यावे.
- हिरड्या शिवशिवतात म्हणून मशेरीचे बोट लावू नये. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच.
- पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाताच्या डॉक्टरांना दाखवावे.

आठवड्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर उपचार झाले तर कीड थांबवता येते.

आणखी एक गैरसमज जिवावर बेतू शकतो. दात येताना लाळ गळते, बाळ चिडचिड करते, पण दातांमुळे जुलाब किंवा जोराचा ताप येत नाही. “दात येताहेत” म्हणून वाट पाहू नये. जुलाबात ओआरएस सुरू करून बाळाला दवाखान्यात न्यावे.

खर्चाची भीती असेल तर अंगणवाडीत विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तिथे मुलांची मोफत तपासणी करते, त्यात दातही पाहिले जातात. पथक येईल त्या दिवशी “याचे दात बघा” असे आपणहून सांगावे.