तीनशे फुटांवरचा निर्णय

५ मार्च २०१५. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका विमानतळावरून रायन पीटी-२२ जातीचे एक दोन आसनी विमान उडाले. उघडी कॉकपिट, पाच सिलिंडरचे किनर इंजिन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातल्या शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेले हे विमान. ते चालवणारे ७२ वर्षांचे गृहस्थ म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधला हान सोलो, हॅरिसन फोर्ड. जमीन सोडून थोडे वर जाताच इंजिनाने दगा दिला. फोर्ड यांनी नियंत्रण कक्षाला कळवले आणि विमान परत वळवले; पण धावपट्टी गाठता येणार नाही हे ध्यानात येताच त्यांनी शेजारच्या गोल्फ मैदानाचा रस्ता धरला. उतरताना एका उंच झाडाचा शेंडा लागला आणि विमान आदळले. फोर्ड गंभीर जखमी झाले, पण जगले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने इंजिन उघडले, तेव्हा इंधन आणि हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरमधला मुख्य जेट, म्हणजे इंधन मापाने सोडणारा भाग, आट्यांतून सुटून आलेला आढळला. त्यामुळे इंधन नको तितके शिरले आणि इंजिनाची ताकद गेली. उपासमारीने नव्हे, अतिभोजनाने! त्या जेटची दीर्घकाळ निगा कशी राखायची, याबद्दल कार्बुरेटरच्या देखभाल पुस्तिकेत सूचनाच नव्हत्या.

इंजिन कुठेही बिघडू शकते. उड्डाणाच्या वेळी मात्र नाक वर, वेग बेताचा आणि उंची नावापुरती, अशी स्थिती असते. मागे सोडलेली धावपट्टी हाकेच्या अंतरावर वाटते आणि हात आपोआप तिकडे वळतात. अमेरिकी हवाई प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, उड्डाण हस्तपुस्तिकेत या मोहाचा हिशेबच मांडला आहे. विमान ३०० फुटांवर असताना इंजिन बंद पडले. काय झाले हे उमगण्यात ४ सेकंद गेले. मग सेकंदाला ३ अंश या संथ गतीने वळण सुरू झाले. अर्धे वर्तुळ पुरे होते तेव्हा विमान धावपट्टीपासून ४,२०० फूट बाजूला असते. तिच्याकडे तोंड करायला आणखी ४५ अंश वळावे लागते. मिनिटाला १,००० फूट घसरण धरली तर एव्हाना १,३१६ फूट खर्ची पडलेले असतात. म्हणजे विमान धावपट्टीच्या १,०१६ फूट खाली, जमिनीच्या पोटात!

मग चटकन वळावे, तर विमान जास्त कलवावे लागते. उंची राखून ४५ अंश कलवले की ज्या वेगाखाली पंखांची उचल संपते, तो स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. अमेरिकी नौदल अकादमीतले डेव्हिड रॉजर्स यांनी १९९५मध्ये गणित करून दाखवले, की परतण्यासाठी ४५ अंशांचा कलच सर्वांत फायद्याचा, पण स्टॉलच्या अगदी कडेवरून उडत. गणित चोख आहे. दचकलेल्या विद्यार्थ्याच्या हातून ते सुटेल, अशी आशा मात्र धरू नये.

खरी मेख पुढेच आहे. पूर्ण बंद पडलेले इंजिन शंकेला जागा ठेवत नाही. नाक खाली घ्यायचे, वेग राखायचा, समोर डावी-उजवीकडे मिळेल त्या मोकळ्या जागेत उतरायचे. धडधडत, खोकत, अर्ध्या ताकदीने चालणारे इंजिन मात्र वैमानिकाला आशेला लावते. ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा विभागाने २००० ते २०१० या काळातील एक इंजिनी हलक्या विमानांच्या अशा घटना तपासल्या. उड्डाणानंतर ताकद अंशतः जाण्याची शक्यता पूर्ण जाण्याच्या तिप्पट निघाली. जीवघेणे अपघात पाहावेत तर इंजिन अर्धवट चालू असताना ९, आणि ते सुरुवातीलाच पूर्ण बंद पडले असताना एकही नाही.

ताकद जाण्याची कारणे बहुधा साधीच असतात. टाकीत पाणी उतरते. ते इंधनापेक्षा जड, म्हणून उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाचा नमुना काचेसारख्या नळीत काढून पाहतात. निळसर इंधनाखाली पाण्याचा थर दिसतो. एखादी व्हॉल्व्ह अडकते आणि चारांपैकी एक सिलिंडर गप्प होतो. कार्बुरेटरमधला बर्फ तर भल्याभल्यांना चकवतो. इंधनाच्या बाष्पीभवनाने तिथली हवा इतकी गार होते, की दमट दिवशी बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतानाही आत बर्फ धरतो. धावपट्टीच्या तोंडाशी मंद इंजिनावर पाळीची वाट पाहताना तो साचतो आणि थ्रॉटल पुरा उघडल्यावर आपला प्रताप दाखवतो. गोंदियाच्या मे महिन्यात वेगळीच अडचण. हजारेक फूट उंची आणि ४४ अंश उष्मा असला, की हवा सुमारे साडेचार हजार फुटांवर असावी तितकी विरळ होते. इंजिन ठणठणीत असूनही त्याचा जोर घटतो, आणि त्यात बिघाड झाला तर हाताशी शिल्लक काहीच उरत नाही.

आता बारामती, शिरपूर, गोंदिया इथेही वैमानिक घडतात. मुलाला किंवा मुलीला तिथे घालणाऱ्या पालकांनी प्रशिक्षकांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. कोणत्या उंचीखाली मागे वळायचे नाही आणि समोर कुठे उतरायचे, हे विद्यार्थी प्रत्येक उड्डाणाआधी मोठ्याने म्हणतो का? आणि इंजिन पूर्ण बंद पडण्याच्या सरावाबरोबर ते अर्धवट चालण्याचा सराव, पुरेशा उंचीवर, किती वेळा घेतला जातो? शुल्काची चौकशी त्यानंतर करावी.