पानिपतची चौथी लढाई

पानिपतच्या तीन लढाया मराठी मुलांना शाळेतच पाठ होतात: १५२६, १५५६, १७६१. चौथीबद्दल आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. १९९०च्या दशकाच्या आरंभी पानिपत जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम झाली. तिथल्या कार्यकर्त्यांनी तिला नावच दिलं, ‘पानिपत की चौथी लडाई’. यजमानांच्या नोकरीमुळे मी तेव्हा तिथे शिक्षिका होते. शाळा सुटल्यावर या मोहिमेत स्वयंसेविका म्हणून जाऊ लागले. उभ्या नोकरीत याहून मोलाचं काम माझ्या हातून झालं नाही.

देशातलं वारंच तसं होतं. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. फेब्रुवारी १९९०मध्ये केरळातला एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला आणि त्याच वर्षी भारत ज्ञान विज्ञान जथ्थे गाणी, पथनाट्यं घेऊन गावोगाव फिरले. साताऱ्यात १९५९ला सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेच्या गोष्टी मी वडिलांकडून ऐकल्या होत्या, त्यामुळे हे काम मला परकं वाटलं नाही.

एका स्वयंसेवकाकडे दहाएक प्रौढ, तीन प्रवेशिका, साधारण दोनशे तासांचा अभ्यास. मानधन नाही. पुरुष आले तसे गळाले. टिकल्या त्या बायका. पानिपत हे मागांचं गाव. सतरंज्या, खेस, जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेली ब्लँकेटं, सगळं इथलं. माझ्या वर्गातल्या बायका घरी कांड्या भरायच्या. मजुरी मुकादमाच्या वहीत चढायची आणि वहीत काय चढलंय ते त्यांना कळायचं नाही. म्हणून मी अक्षरांच्या आधी आकडे घेतले.

त्यातली एक बाई घुंघट न काढता बसायची. सुतानं चरे पडलेल्या बोटांत पेन्सिल इतकी घट्ट धरायची की कागद फाटायचा. एके दिवशी तिनं मुकादमाच्या वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हे तीन रुपये कशाचे कापले?” त्यानं उत्तर दिलं नाही. पुढच्या हिशेबात मात्र कपात दिसली नाही. माझ्या लेखी नागरी हक्कांचं काम त्या ओळीपासून सुरू झालं. मताचा हक्क घटनेनं तिला आधीच दिला होता. हिशेब मागण्याचा हक्क मात्र तिला स्वतःच कमवावा लागला.

म्हणूनच २०१५ साल मला जिव्हारी लागलं. हरियाणा सरकारनं पंचायत कायदा बदलला. निवडणुकीला उभं राहायचं तर पुरुषाला दहावी, स्त्रियांना आणि अनुसूचित जातींतल्या पुरुषांना आठवी, आणि पंच व्हायचं असेल तर अनुसूचित जातीतल्या स्त्रीला पाचवी पास असण्याची अट आली. शिवाय घरात शौचालय हवं, वीजबिल थकलेलं नको. जनवादी महिला समितीच्या जगमती सांगवान यांनी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तरी १० डिसेंबर २०१५ रोजी ‘राजबाला’ खटल्यात न्यायालयानं कायदा वैध ठरवला. आमदार-खासदारांना मात्र शिक्षणाची अशी कोणतीही अट नाही.

ज्या बाईच्या लहानपणी तिच्यासाठी शाळा नव्हती, किंवा असूनही तिला घरकामाला जुंपलं गेलं, तिला शिकवायचं राहून गेलं ते सरकारचं आणि समाजाचं. त्याची शिक्षा तिला का? आणि आमच्या वर्गात शिकलेल्या बायकांचं काय? त्यांना वाचता येत होतं, हिशेब येत होता, पण शाळेचा दाखला नव्हता. कायद्यापुढे त्या अडाणीच ठरल्या. रात्री कंदिलाशी बसून घेतलेल्या त्या शिक्षणाला या कायद्यात कुठे जागाच नाही.

महाराष्ट्रानं २०१७ साली थेट सरपंच निवडताना सातवीची अट आणली, पण ती १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच. राजस्थाननंही हरियाणासारखीच अट घातली होती आणि २०१९मध्ये ती काढून टाकली. हरियाणानंही ती काढावी. तेवढं धैर्य नसेल, तर निदान आमच्या वर्गातल्या बायकांच्या वयाच्या उमेदवारांना तरी तिच्यातून वगळावं.